खाणगावातल्या खोलीची चावी

पोस्ट लांब झाली आहे. सवडीने वाचा. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्यांनी तर वाचाच, आणि गडचिरोलीत कोणी असाल तर तुम्हीही.

गेल्या वर्षी कामासाठी मी ब्राझीलमधल्या इताबिरा नावाच्या गावात एकोणीस दिवस राहिलो. गाव म्हणजे लाखाच्या वर वस्तीचं शहर आहे, पण स्वभावाने गावच. मिनास जेराइस राज्याची राजधानी बेलो होरिझोंची; तिथून बसने दोन-अडीच तास. वाटेत जो महामार्ग लागतो त्याला तिकडची माणसं सरळ ‘मरणाचा रस्ता’ म्हणतात, आणि बसमध्ये बसलं की का म्हणतात ते कळतं. मी पुण्यातल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. खनिज धुतल्यावर जो गाळ उरतो त्यातलं पाणी पिळून काढणारी यंत्रं आम्ही बसवतो. कोणासाठी बसवली वगैरे इथं लिहिणार नाही, नोकरी आहे. लिहायचंय ते हॉटेलबद्दल.

साहेब लोक उतरतात तसली हॉटेलं आमच्या कंपनीच्या बजेटात बसत नव्हती. मला मिळालं ते बस स्टँडपासून चालत दहा मिनिटांवरचं, उतारावरचं, तीन मजली, बिनलिफ्टचं. रात्रीचे साधारण अडीच हजार रुपये, नाश्ता त्यातच. खोलीत एक खाट, एक पंखा, भिंतीवर टीव्ही. आणि न्हाणीघरात तो ब्राझीलचा शॉवर! पाणी गरम करायची कॉइल शॉवरच्या तोंडातच बसवलेली, आणि तिच्या वायरी तुमच्या डोक्यावर दोन वितीवरून भिंतीत गेलेल्या. पहिले दोन दिवस मी गार पाण्याने अंघोळ केली. तिसऱ्या दिवशी विचार केला की सगळा देश रोज सकाळी याच्याखाली उभा राहतो, आपण काय वेगळे. मग रोज गरम पाणी.

काउंटरवर मालकीणबाई स्वतः बसत. सत्तरीच्या आसपासच्या. सगळे त्यांना नावाआधी ‘दोना’ लावून हाक मारत, मीही नुसतं ‘दोना’ म्हणायला लागलो. त्या मला ‘मोसु’ म्हणत, म्हणजे ‘पोरा’. पहिल्या रात्री त्यांनी एक फॉर्म पुढे केला: नाव, पासपोर्ट, कुठून आलात, आल्याची तारीख, जाण्याची तारीख. जाण्याची तारीख मला नक्की माहीत नव्हती, यंत्र कधी चालेल त्यावर होतं. मी रकाना मोकळा सोडला. त्यांनी बोट ठेवून परत फॉर्म माझ्याकडे सरकवला. तारीख लिहायचीच, मग वाढवायची असेल तर वाढव. मी लिहिली. मग त्यांनी ड्रॉवरमधून काढून हातावर ठेवली ती – ‘शावी’.

चावी! मी हसलो, त्यांना कळेना. मी त्यांना माझ्या आजीबद्दल सांगायचा प्रयत्न केला. आम्ही मूळचे डिचोली तालुक्यातले, घरात मराठी, बाहेर कोकणी. आजी खिडकीला ‘जनेल’ म्हणायची, चमच्याला ‘कुलेर’, काट्याला ‘गार्फ’. मी नाश्त्याच्या टेबलावर एकेका वस्तूला बोट लावून आजीचा शब्द म्हणायचो आणि दोना तोंडावर हात ठेवून हसायच्या. पाव तर झालाच. तिकडे चीज घातलेले गोळ्यासारखे छोटे पाव असतात, ते गरम गरम खायचे. पेरूची वडी असते, ती पांढऱ्या चीजबरोबर खातात. आमच्या घरी नाताळात शेजारून पेराद यायचं, अगदी तेच. केळी ठेवायच्या लाकडी कठवटीला त्या ‘गमेला’ म्हणाल्या. आपलं घमेलं. गोव्यात खाणी सुरू झाल्या तेव्हा बायका डोक्यावर घमेल्यातून माती वाहायच्या, आजीही त्यातली एक. शब्द कुठून निघून कुठे जातात बघा, आणि कोणाच्या डोक्यावर बसतात.

हॉटेलात पर्यटक कोणी नव्हता. सगळ्या खोल्या कंत्राटी कामगारांनी भरलेल्या. वेल्डर, फिटर, स्कॅफोल्डिंगवाले, क्रेनवाले. एकेका खोलीत तिघं. पहाटे पाचला बुटांचा आवाज, साडेपाचला बाहेर बस उभी, संध्याकाळी परत. कॉरिडॉरमध्ये बुटांची रांग आणि सगळ्या बुटांना एकच तांबूस-काळा रंग. तो रंग मला ओळखीचा. लहानपणी आमच्या दारातल्या तुळशीच्या पानांवर तोच असायचा. दोना रोज सकाळी खिडकीच्या पट्टीवरून ओला फडका फिरवायच्या आणि दुपारपर्यंत पट्टी पुन्हा तशीच.

इताबिराबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एक म्हणजे व्हाले. जगातल्या सगळ्यात मोठ्या लोहखनिज कंपन्यांपैकी एक. ती जन्मली या गावात, १९४२ साली, सरकारी कंपनी म्हणून. युद्ध चालू होतं, अमेरिका-ब्रिटनला लोखंड हवं होतं, त्या करारातून ती उभी राहिली. १९९७ मध्ये खासगी झाली. गावाच्या डोक्यावर काऊए नावाचं शिखर होतं, लोखंडाचंच म्हणा ना. ते आता नाही. शिखराच्या जागी खड्डा आहे. लोहखनिजाच्या एका खडकाला जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ ‘इताबिराइट’ म्हणतात, ते याच नावावरून. म्हणजे गावाचं नाव पुस्तकात अजून आहे आणि डोंगर जहाजात बसून गेला.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्लोस द्रुमोंद द आंद्राद, ब्राझीलचा फार मोठा कवी. जन्म याच गावातला, १९०२ चा. तरुणपणीच गाव सोडलं, आयुष्य रिओत काढलं, पण गाव काही डोक्यातून गेलं नाही. कंपनीने गावाचं काय केलं यावर वर्तमानपत्रांतून लिहीत राहिला. गावात त्याचं स्मारक आहे, ऑस्कार निमायरने आराखडा केलेलं, आणि रस्तोरस्ती त्याच्या कवितांच्या पाट्या लावल्या आहेत.

आता मुद्द्याचं. गावात पाट्या दोन प्रकारच्या. एका प्रकारावर कविता. दुसऱ्या प्रकारावर धावणारा माणूस, बाण, आणि दोन शब्द: पळण्याचा मार्ग. आमच्या हॉटेलच्या दारासमोरच्या खांबावर दुसऱ्या प्रकारची पाटी होती. बाण चढाच्या दिशेने. वर कुठेतरी ‘जमण्याची जागा’ अशी आणखी एक पाटी. मला पहिल्या दिवशी वाटलं आगीसाठी असेल. दोनांना विचारलं. त्या म्हणाल्या, “आगीची नाही रे मोसु. चिखलाची.”

खाणीत खनिज दळून धुतात. चांगलं ते रेल्वेने बंदरावर जातं. उरतो तो पाणी आणि बारीक मातीचा गाळ. तो बांध घालून डोंगराच्या घळीत साठवतात. तिकडे त्याला धरणच म्हणतात. जितकी वर्षं खाण चालते तितका बांध वर वर चढवत नेतात. यातला सगळ्यात स्वस्त प्रकार असा की नवा थर आधीच्या साठलेल्या गाळावरच टेकवायचा. म्हणजे भिंतीचा पाया काय, तर गाळ. इताबिराच्या आजूबाजूला असे गाळाचे तलाव अनेक आहेत, काही अगदी वस्तीच्या डोक्यावर.

५ नोव्हेंबर २०१५ ला याच राज्यात मारियानाजवळचं फुंदाऊं धरण फुटलं. सामार्को कंपनीचं, सामार्को म्हणजे व्हाले आणि बीएचपी यांची निम्मी-निम्मी. १९ माणसं गेली, बेंतो रोद्रिगेस नावाचं गाव गाळाखाली गेलं आणि तो चिखल दोसी नदीतून सहाशेहून जास्त किलोमीटर वाहत अटलांटिक महासागरात गेला. सगळे म्हणाले, आता धडा घेतला. तीन वर्षं दोन महिन्यांनी, २५ जानेवारी २०१९ ला दुपारी १२ वाजून २८ मिनिटांनी, ब्रुमाजिन्योमधलं व्हालेचं धरण फुटलं. २७० माणसं. त्यातली बहुतेक कामगार, कंपनीचे आणि कंत्राटी. जेवणाची वेळ होती, आणि कंपनीचं कॅन्टीन धरणाच्या खाली होतं. सायरन वाजलाच नाही. धरण स्थिर असल्याचं प्रमाणपत्र काही महिन्यांपूर्वीच मिळालेलं होतं.

त्या चिखलात आणखी एक गोष्ट गेली, ती बातम्यांत जरा मागे पडली. एक लहानसं हॉटेल. तिकडे पौसादा म्हणतात, आपलं घरगुती लॉज. जवळच इन्होतीम नावाचं मोठं कलासंग्रहालय आहे, ते बघायला येणारे तिथं उतरायचे. मालक, घरची माणसं, नोकर, पाहुणे, सगळे गेले. त्यांचा खाणीशी काही संबंध नव्हता. त्यांनी फक्त तिथं खोली घेतली होती.

हे मी हॉटेलच्या खाटेवर पडून फोनवर वाचत होतो. वाचून झाल्यावर उठून खिडकीतून खांबावरची पाटी पाहिली. मग बूट खाटेच्या जवळ आणून ठेवले. हसू नका, तुम्हीही ठेवले असते.

२०१९ नंतर ब्राझीलने काही केलं नाही असं नाही. गाळावर भिंत टेकवायच्या पद्धतीवर बंदी आली, जुनी तसली धरणं मोडून काढायचं काम चालू आहे (आमची यंत्रं तिकडे खपतात ती त्यामुळेच, गाळ पिळून कोरडा करून रचला की धरण लागत नाही). आणि एक नवा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. धरणाच्या खालचा दहा किलोमीटरचा, किंवा चिखल अर्ध्या तासात जिथं पोचेल तेवढा टापू, यातला जो मोठा असेल तो. त्याचं सरकारी नाव आहे ‘स्व-बचाव क्षेत्र’. म्हणजे असं की धरण फुटलं तर इथं सरकार, पोलीस, अग्निशमन दल कोणीही वेळेत पोचू शकत नाही. तुमचं तुम्ही पळा.

हा शब्द मला प्रामाणिक वाटला. आपल्याकडे असा शब्द कोणी छापणार नाही. आपण ‘आपत्ती व्यवस्थापन समिती’ लिहू आणि तिचा फोन लागणार नाही. तिथं निदान लिहून दिलंय. पण जरा थांबून विचार करा. धरण आधी आलं की वस्ती? इताबिरात गाव खाणीच्या कितीतरी आधीचं आहे. तीनशे वर्षं ज्या रस्त्यावर माणसं राहत होती त्याला एक दिवस कागदावर ‘स्व-बचाव क्षेत्र’ असं नाव पडतं. कोणी विचारलं? दोनांना विचारलं का? त्या म्हणाल्या, एक दिवस दोन पोरं शिडी घेऊन आली, खांबावर पाटी ठोकली, पाणी मागितलं, पिऊन गेली. नंतर तालीम झाली. सायरन वाजला की सगळ्यांनी चढ चढून जमण्याच्या जागी जायचं. दोनांचे गुडघे गेलेले. त्या निम्म्यात एका पायरीवर बसल्या आणि एका स्वयंसेवकाने त्यांच्या नावापुढे ‘पोचल्या’ अशी खूण केली. हे त्या हसत सांगत होत्या.

मी विचारलं, मग विकून का नाही जात? मुलगा बेलो होरिझोंचीला आहे, नातवंडं तिकडे. त्या म्हणाल्या, समोरच्या खांबावर ती पाटी असताना कोण घेणार? आणि दुसरं म्हणजे, पैसा इथंच आहे. खाणीत मोठं दुरुस्तीचं काम निघालं की सगळ्या खोल्या भरतात. नसलं की महिना महिना रिकाम्या. नवरा तीस वर्षं खाणीत होता, त्याच्या निवृत्तीच्या पैशातून हे हॉटेल उभं राहिलं. पोटही खाणीवर आणि भीतीही खाणीची.

आता तारखेचं सांगतो. २०१८ सालच्या अहवालात व्हालेनेच लिहिलं की इताबिराच्या खाणींतला साठा २०२८ पर्यंत पुरेल. गावात हलकल्लोळ. पुढच्या अहवालांत ती तारीख पुढे सरकली. कारण साधं आहे, आधी जे हलक्या प्रतीचं म्हणून टाकून देत होते तेही आता दळून काढणं परवडतं. दोना म्हणाल्या, “तारीख पुढे गेल्याचं कळलं की मी खोल्यांना रंग काढते. जवळ आली की राहू देते.” पहिल्या मजल्यावर रंग नवा होता, तिसऱ्यावर पोपडे. मी तिसऱ्यावर.

मला वाटलं होतं या गावाकडे पैसाच येत नसेल, सगळा वर जात असेल. तसं नाही. ब्राझीलमध्ये लोहखनिजाच्या एकूण विक्रीवर साडेतीन टक्के रॉयल्टी आहे, आणि २०१७ च्या कायद्याने त्यातले ६० टक्के थेट खाण ज्या गावात आहे त्या नगरपालिकेला जातात. १५ टक्के राज्याला, १५ टक्के ज्या गावांतून रेल्वे-पाइपलाइन वगैरे जाते त्यांना, आणि फक्त १० टक्के केंद्राला. आपल्याशी ताडून बघा. आपला दर जास्त आहे, लोहखनिजावर १५ टक्के. पण तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानला मिळतो तो रॉयल्टीच्या ३० टक्क्यांइतका भाग जुन्या खाणींकडून, लिलावातल्या नव्या खाणींकडून १० टक्के. आणि प्रतिष्ठान जिल्ह्याचं; ज्या वाड्यावर धूळ पडते तिथपर्यंत त्यातलं किती पोचतं ते आपापल्या ग्रामसभेत विचारा.

तर, इताबिराला पैसा आला, आणि दशकानुदशकं आला. मग गाव खाणीशिवाय उभं का राहू शकत नाही? प्रयत्न झाले. २००८ मध्ये अभियांत्रिकी विद्यापीठाची शाखा आणली, पोरं शिकायला येतात, भाड्याच्या खोल्या भरतात. पण मोठा भाग दर वर्षीच्या खर्चात गेला. पगार, रस्ते, दिवे, समारंभ. यात चोरीच झाली असं मी म्हणत नाही. चूक हिशेबाच्या वहीत आहे. डोंगर विकून आलेला पैसा त्यांनी उत्पन्नाच्या बाजूला लिहिला. घरातलं सोनं विकून कोणी महिन्याचं वाणसामान भरलं तर आपण त्याला कमावता म्हणतो का? रिओ राज्यातल्या मारिका आणि नितेरोई या गावांनी तेलाच्या रॉयल्टीतला काही भाग वेगळ्या निधीत बाजूला काढायला सुरुवात केली, मुद्दल ठेवायचं म्हणून. म्हणजे त्याच देशात ते करता येतं. फक्त तेल असताना करावं लागतं, संपल्यावर नाही.

बाराव्या की तेराव्या रात्री धाकट्या भावाचा फोन आला. आमच्याकडे साडेनऊ, गोव्यात सकाळचे सहा.

“दादा, खाण सुरू होतेय. टिपर घेतो म्हणतोय. बँक कर्ज देते, पण जामीनदार हवाय. तू सही करशील ना?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बाबांचे दोन टिपर होते. एक २००८ चा, एक २०१० चा. चीनला माती जात होती, नुसती गाडी रांगेत उभी केली तरी पैसा. अख्ख्या वाड्यात दारोदार टिपर. पोरांनी कॉलेज सोडून स्टिअरिंग धरलं. शाह आयोगाचा अहवाल आला, २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. एका दिवसात सगळं ठप्प. बेकायदा उपसा झाला होता हे खरंच, त्याबद्दल वाद नाही. पण हप्ता बाबांचा थांबला नाही. टिपर ताडपत्री घालून अंगणात उभे राहिले, त्यांच्याखाली कोंबड्या अंडी घालायच्या. मध्ये पुन्हा सुरू झालं, २०१८ मध्ये लीजचं दुसरं नूतनीकरण रद्द झालं आणि पुन्हा बंद. बाबांनी तोवर दोन्ही गाड्या भंगारात काढल्या होत्या. कर्ज आईच्या बांगड्या आणि माझा पुण्यातला पगार यांनी फेडलं. आता लिलाव झालेत, एकेक खाण सुरू होतेय, आणि भाऊ म्हणतोय टिपर घेतो.

मी त्याला एकच विचारलं. ती खाण किती वर्षं चालणार?

तो म्हणाला, “लीज पन्नास वर्षांची आहे म्हणतात.”

“लीजचं नाही विचारत. माती किती वर्षांची आहे? वर्षाला किती टन काढणार? तुझी गाडी लागणारच असं कोणी लिहून दिलंय? की उद्या कन्व्हेयर टाकला की तू घरी?”

तो गप्प. मग म्हणाला, “तू तिकडे बसून असं बोलणं सोपं आहे.” बरोबर होतं त्याचं. मी खाणीच्याच पैशावर तिकडे बसलो होतो.

पण म्हणूनच हे लिहितोय. खाण हवी की नको यावर आपण वीस वर्षं भांडतोय. दोन्ही बाजूंचे मोर्चे मी पाहिलेत, एकात बाबांबरोबर पणजीला गेलोय. त्या भांडणात एक प्रश्न कोणीच विचारत नाही, ना खाणवाले, ना विरोधक, ना सरकार: ती संपणार कधी, आणि त्या दिवशी या वाड्यात काय चालू असेल? दोनांच्या हॉटेलात एका रात्रीसाठी येणाऱ्यालाही जाण्याची तारीख लिहावी लागते. अख्खा डोंगर घेऊन जाणाऱ्याला ती गावासमोर सांगावी लागत नाही.

कोणी म्हणेल, खाण बंद करण्याचा आराखडा कायद्याने द्यावाच लागतो. लागतो. त्यात भर असतो तो खड्ड्यावर. उतार किती ठेवायचा, पाणी कुठे साठवायचं, झाडं किती लावायची. खाणीच्या कामगारांचाही त्यात मुद्दा असतो. पण टिपरवाला खाणीचा कामगार नाही. टायर पंक्चरवाला नाही, खानावळवाली नाही, भाड्याने खोल्या देणारा नाही. खाणगावात बहुतेक माणसं या दुसऱ्या यादीतली असतात, आणि ती यादी कोणत्याच कागदावर नसते. ती दोनांच्या हॉटेलच्या रजिस्टरमध्ये असते.

आणि मुद्दल बाजूला ठेवायची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्याच खटल्यात सांगितलं की विक्रीच्या किमतीतले १० टक्के एका कायमस्वरूपी निधीत जमा करायचे, पुढच्या पिढ्यांसाठी. गोवा फाउंडेशनने लढवलेला खटला. आमच्या वाड्यात त्यांना शिव्या घालणारे पुष्कळ, बाबाही घालायचे, मीही एके काळी. पण वाड्यातल्या किती जणांना हा निधी माहीत आहे? मी गणपतीत गेलो तेव्हा विचारून पाहिलं. आठ जणांत एकाला, आणि तो बँकेत आहे. आमच्या नावाने बाजूला काढलेला पैसा, आणि आम्हालाच पत्ता नाही.

गडचिरोलीचं मी बाहेरून पाहिलंय, त्यामुळे जपून बोलतो. सुरजागडला आता नुसतं उच्च प्रतीचं खनिज नाही, तर बीएचक्यू म्हणजे हलक्या प्रतीचा खडक दळून वापरायचं ठरलं आहे. इताबिराइटचंच भावंडं ते. पोलाद हवंय, तिथल्या पोरांना रोजगार हवाय, हे सगळं मान्य. पण हलका खडक दळला, धुतला की गाळ उरणारच, कारण निम्म्याहून जास्त तर लोखंड नसतंच त्यात. तो गाळ कुठे ठेवणार, ओला की पिळून कोरडा, त्याच्या खाली कोणतं गाव, त्या गावाला नकाशा मराठीत आणि माडियात दाखवला का? हे विचारणं म्हणजे विकासाला विरोध नव्हे. मी स्वतः गाळ पिळायची यंत्रं विकतो, विचाराल तर माझा धंदा वाढेल.

शेवटच्या सकाळी दोनांनी डब्यात चीजचे पाव भरून दिले. मी हिशेब चुकता केला, चावी काउंटरवर ठेवली. त्यांनी रजिस्टर उघडलं. मी आधी लिहिलेली तारीख खोडून पुढची, ती खोडून आणखी पुढची, असं तीनदा झालं होतं. त्यांनी शेवटच्या तारखेपुढे बरोबरची खूण केली. मग विचारलं, “तुमच्या गावातली खाण बंद झाली म्हणतोस. मग माणसांनी काय केलं?”

मला पोर्तुगीजमध्ये एवढं येत नव्हतं. मी म्हणालो, काही जण शहरात गेले. काही जण वाट बघत बसले.

“आणि?”

“आता परत सुरू होतेय.”

त्यांनी मान हलवली आणि समोरच्या खोलीचा फडका उचलला.

पुण्याला आल्यावर मी भावाला बोलावून घेतलं. दोघं दोन रात्री कागद घेऊन बसलो. माझ्या अटी तीन होत्या. कर्ज पाच वर्षांच्या वर नको. गाडी अशी घ्यायची की खाण थांबली तर चिरे-रेती वाहता येईल. आणि महिन्याच्या कमाईतला दहावा हिस्सा आईच्या नावावर, त्याला हात लावायचा नाही. तिसऱ्या अटीला तो म्हणाला, हे तुला कोर्टाने शिकवलं का? म्हटलं हो.

सही केली. टिपर आलाय. आईने हळद-कुंकू लावलेला फोटो घरच्या ग्रुपवर आहे, बाबा त्यात नाहीत, ते त्या वेळी देवळात जाऊन बसले होते. खनिज खात्याच्या संकेतस्थळावर आमच्या भागातल्या खाणीचा बंद करण्याचा आराखडा मी शोधतोय, कुणाकडे प्रत असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. हप्ते साठ आहेत. चार गेले.